चकलांबा ते गुलमर्ग: लांब सामानाचा प्रवास

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा आहे. तालुक्याच्या उत्तर अंगाला गोदावरी, मधून जायकवाडीचा उजवा कालवा, शेतात कापूस आणि ऊस. दिवाळी सरली की इथली कितीतरी कुटुंबं कोयता आणि बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. बर्फ या मुलखात पडत नाही. तरी या जिल्ह्यातली माणसं बर्फापर्यंत पोहोचली आहेत, आणि बहुतेक वेळा ती वाट लष्करातून गेली आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण अविनाश साबळेचं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीनच्या बर्फात नोकरी करून आला. तीन हजार मीटर स्टीपलचेसचा धावपटू म्हणून तो नंतर घडला. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. लष्कराचं बर्फाचं शिक्षणही जुनं आहे. १९४८ मध्ये गुलमर्गला जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने स्कीचं प्रशिक्षण सुरू झालं आणि त्यातूनच आजची ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ उभी राहिली.

आता वाट फक्त वर्दीतून जात नाही. ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा २०२० मध्ये लेह आणि गुलमर्गला सुरू झाल्या. २०२३ च्या पदकतक्त्यात महाराष्ट्र जम्मू-काश्मीरच्या मागोमाग दुसरा होता. २०२४ मध्ये भारतीय लष्कर आणि कर्नाटकानंतर तो तिसरा आला. या यशात बर्फावरच्या स्केटिंगचा वाटा मोठा आहे, डोंगरउतारावरच्या स्कीइंगचा कमी. स्केट पाठीवरच्या पिशवीत मावतात. स्की मावत नाहीत. बर्फ नसलेल्या राज्यातून स्कीपटू घडवायचा, तर प्रशिक्षण आणि पैसा यांच्या बरोबरीने एक साधा प्रश्न सोडवावा लागतो: पुरुषभर लांबीच्या, धारदार कडांच्या त्या दोन फळ्या घरापासून बर्फापर्यंत न मोडता न्यायच्या कशा?

माप स्कीचं, की रस्त्याचं?

बॅग घेताना बहुतेक जण स्की मोजतात आणि त्याच लांबीची बॅग मागवतात. मोजायला हवा तो प्रवास. चकलांब्याहून निघणाऱ्याचा प्रवास एसटीत किंवा काळी-पिवळीत सुरू होतो. गेवराईला पोहोचल्यावर सोलापूर-धुळे महामार्गाने छत्रपती संभाजीनगर गाठायचं. तिथून चिकलठाण्याच्या विमानतळावरून दिल्ली, दिल्लीत विमान बदलून श्रीनगर, श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर गाडीने तंगमर्गमार्गे गुलमर्ग. बर्फ जास्त असला तर तंगमर्गला गाडी बदलावी लागते, कारण वरच्या चढणीला चाकांना साखळ्या लावलेली वाहनंच चालतात. मोजलं तर बॅग सात-आठ वेळा उचलावी आणि ठेवावी लागते. त्यांत विमानाचे टप्पे दोनच आहेत.

सगळ्यात अडचणीचा टप्पाही विमानाचा नसतो. श्रीनगरहून परतताना विमानतळाच्या इमारतीच्या बऱ्याच आधी, ड्रॉप गेटवर, प्रत्येक प्रवाशाला गाडीतून उतरून सगळं सामान तपासणीच्या यंत्रातून काढावं लागतं. ते पुन्हा गाडीत भरायचं आणि मग इमारतीपुढे परत उतरवायचं. हिवाळ्यातली सकाळ, ओला रस्ता, रांग, आणि हातात १७० सेंटिमीटरची बॅग. बॅगेला चाकं असावीत का, पकडायचे पट्टे कुठे असावेत, याचं उत्तर या जागी मिळतं. कागदावर एक किलो जास्त वजनाची चाकांची बॅग इथे हलकी वाटते. उलट काळी-पिवळीच्या टपावर टाकायची असेल तर चाकांचा काहीच उपयोग नाही. तिथे बॅग मधोमध धरता येईल असा भक्कम पट्टा आणि दोरी ओवायला जागा लागते.

रेल्वेने जायचा विचार करणाऱ्यांसाठीही एक माप ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कटरा ते श्रीनगर थेट गाडी जून २०२५ मध्ये सुरू झाली, त्यामुळे काश्मीरला रेल्वेने पोहोचणं शक्य झालं. पण रेल्वेच्या नियमाप्रमाणे डब्यात सोबत नेण्याच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं. वजनाची सवलत मोठी आहे, स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलो. लांबी मात्र नियमाबाहेर जाते आणि असं सामान ब्रेक व्हॅनमध्ये नोंदवून पाठवावं लागतं. तिथे ते सायकली, पेट्या आणि पोत्यांच्या शेजारी पडतं, तेव्हा अस्तर जाड हवं.

पंधरा किलोंचा हिशोब

विमान कंपन्यांच्या सामानाच्या मापात लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज साधारण १५८ सेंटिमीटर धरलेली असते. स्कीची बॅग या बेरजेत कधीच बसत नाही. १६५ लांब, ३० रुंद आणि १५ जाड म्हटलं तरी २१० होतात. म्हणून जवळपास प्रत्येक कंपनीचा क्रीडासाहित्याचा वेगळा नियम असतो आणि तो तिकीट काढतानाच वाचावा लागतो. काही कंपन्या शुल्क घेतात, काही आधी कळवायला सांगतात. काहींच्या देशांतर्गत तिकिटावर चेक-इनचा एकच नग मान्य असतो आणि दुसऱ्याचे पैसे पडतात. एका नगाचं वजन ३२ किलोंच्या वर जाऊ नये हा नियम मात्र सगळीकडे दिसतो, कारण ते ओझं शेवटी कुणा कामगाराच्या पाठीवर येतं.

भारतात साध्या देशांतर्गत तिकिटावर चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो मिळतात. समजा गेवराई तालुक्यातला १६८ सेंटिमीटर उंचीचा तरुण निघाला आहे. शिकाऊ माणसाला हनुवटी ते नाक या उंचीदरम्यानची स्की चालते, म्हणजे त्याची स्की १५० ते १५५ सेंटिमीटरची. बायंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा खटका धरून जोडीचं वजन सुमारे ६ किलो. काठ्या अर्धा किलो. बूट ४ किलो. हेल्मेट आणि चष्मा पाऊण किलो. गरम कपडे ४ किलो. बेरीज सव्वापंधरा, आणि बॅग अजून धरलेलीच नाही.

अस्तर नसलेली साधी पिशवी सुमारे एक किलोची असते. जाड अस्तराची, चाकांची बॅग तीन ते पाच किलोंची. पंधरा किलोंमध्ये चार किलोंची बॅग म्हणजे पावाहून जास्त हिस्सा सामान भरायच्या आधीच संपला. दुकानात हा आकडा कुणी सांगत नाही. तो बॅगेच्या चिठ्ठीवर शोधावा लागतो आणि चिठ्ठी नसेल तर वजनकाट्यावर ठेवून पाहावा लागतो.

यावर स्कीपटूंनी शोधलेला तोडगा जगभर सारखाच आहे: बूट हातात. बूट आणि हेल्मेट मिळून पावणेपाच किलो होतात आणि सात किलोंच्या हातसामानात बसतात. मग चेक-इनला उरतात स्की, काठ्या आणि कपडे मिळून साडेदहा किलो. त्यात एक किलोची पिशवी घेतली तर साडेअकरा, चार किलोंची घेतली तर साडेचौदा. दोन्ही पंधराच्या आत. फक्त बुटांची पिशवी ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या मापात बसली पाहिजे, आणि तीच एकमेव हातपिशवी असली पाहिजे, कारण भारतातल्या विमानतळांवर एका प्रवाशाला एकच हातसामान हा सुरक्षा यंत्रणेचा नियम आहे.

बूट हातात ठेवण्यामागे वजनापलीकडचंही कारण आहे. स्की हरवली तर गुलमर्गला भाड्याने दुसरी मिळते. पायाच्या ठेवणीला सवयीचा झालेला बूट भाड्याने मिळत नाही. चुकीच्या बुटात दिवस काढला की नडगीला फोड येतात आणि शिकणं तिथेच थांबतं. म्हणून खर्च एकाच वस्तूवर करायचा असेल, तर आधी चांगली बुटांची पिशवी घ्यावी आणि स्कीच्या बॅगेचा विचार नंतर करावा.

पहिल्या वर्षी स्की घ्यावीच का?

याचं उत्तर बऱ्याच जणांसाठी ‘नाही’ असं आहे आणि ते आनंदाने द्यावं. गुलमर्गची केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था, पहलगामची जवाहर संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, औलीला गढवाल मंडल विकास निगम या सगळ्यांचे शिकाऊ वर्ग असतात आणि तिथे स्की, बूट, काठ्या संस्थेकडूनच मिळतात. अशा वर्गाला जाणाऱ्याने लांब बॅग घेण्याची गरज नाही. त्याला हवेत जलरोधक हातमोजे, चष्मा, लोकरीचे मोजे आणि ते सगळं मावेल अशी साधी सॅक. दिवाळीच्या सुट्टीत या वर्गांची चौकशी करून जागा धरावी. गुलमर्गचा हंगाम डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत चालतो आणि शिकाऊ वर्गांच्या जागा मोजक्या असतात.

स्वतःची स्की येते ती दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात, आणि स्पर्धेत उतरायचं ठरलं की बॅगेचं गणित पुन्हा बदलतं. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. तो स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन शर्यतींत उतरला. पुरुषांच्या स्लॅलमची स्की साधारण १६५ सेंटिमीटरची आणि जायंट स्लॅलमची १९३ सेंटिमीटरची असते. दोन्ही शर्यती खेळणाऱ्याची बॅग म्हणून दुहेरी आणि दोन मीटरच्या घरात लागते. फिरायला जाणाऱ्याने तेवढी मोठी बॅग घेतली तर १५५ ची स्की त्या रिकाम्या जागेत पुढेमागे सरकते आणि टोकाचं कापड आतून फाडते. बॅग स्कीपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर लांब असावी, त्याहून जास्त नाही. लांबी कमी-जास्त करता येणारी, टोकाला दुमडून पट्ट्याने आवळायची बॅग मिळाली तर वाढत्या वयाच्या मुलांना ती अनेक वर्षं पुरते.

कापड, चेन आणि चाकं

लांब बॅगा विमानतळावर नेहमीच्या सरकत्या पट्ट्यावर जात नाहीत. चेक-इनला चिठ्ठी लावून झाली की त्या मोठ्या मापाच्या सामानाच्या खिडकीवर न्याव्या लागतात. तिथे त्या वेगळ्या तपासल्या जातात आणि हातानेच गाडीवर चढवल्या जातात. उतरल्यावरही त्या फिरत्या पट्ट्यावर न येता बाजूच्या दारातून येतात. पहिल्यांदा जाणारे पट्ट्यापाशी थांबून राहतात आणि बॅग दुसऱ्याच कोपऱ्यात उभी असते.

हाताने चढवल्या जाणाऱ्या बॅगेला मार बसतो तो टोकांना. म्हणून अस्तर सगळीकडे सारखं असण्यापेक्षा दोन्ही टोकांना आणि बायंडिंगच्या जागी जाड असणं महत्त्वाचं. बाहेरचं कापड डेनिअरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचं डेनिअर. ६०० डेनिअरचं पॉलिस्टर वर्षातून एखाद्या फेरीला पुरतं. वारंवार जाणाऱ्याने त्याहून जाड, ८४० डेनिअरच्या पुढचं नायलॉन किंवा ताडपत्रीसारखं पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड पाहावं. ते ओल्या टपावरही टिकतं.

चेन लांबीभर उघडणारी असावी. एका टोकालाच तोंड असलेल्या पिशवीत स्की ढकलताना त्यांच्या पोलादी कडा अस्तर सोलून काढतात. चेनचे दात मोठे हवेत, दोन्ही बाजूंनी सरकणारे दोन खटके हवेत, म्हणजे मध्ये एक अडकला तरी बॅग उघडते. चाकं पॉलियुरेथेनची आणि स्क्रू काढून बदलता येणारी असली तर दिल्लीच्या गुळगुळीत फरशीवरही चालतात आणि तंगमर्गच्या खडीवरही. बाहेरून आवळायचे दोन-तीन पट्टे असावेत, पण त्यांची सुटी टोकं आत खोचता आली पाहिजेत. लोंबणारा पट्टा यंत्रात अडकला की बॅगही अडकते आणि फाटते.

कठीण प्लास्टिकच्या नळीसारख्या पेट्याही मिळतात. एक भाग दुसऱ्यात सरकवून त्यांची लांबी कमी-जास्त करता येते. त्या मार चांगला सोसतात. पण रिकामीच पेटी पाच किलोंच्या आसपास भरते आणि उतरल्यावर दुमडता येत नाही. लॉजच्या छोट्या खोलीत आणि सुमोच्या डिकीत ती जागा अडवून बसते. पाठोपाठ विमानं बदलत परदेशात स्पर्धांना जाणाऱ्याला ती योग्य. काळी-पिवळीतून निघणाऱ्याला मऊ बॅग बरी.

बॅग शिवून घेणंही शक्य आहे. बीडला ताडपत्री आणि रेक्झिन शिवणारे कारागीर आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉलीवरच्या ताडपत्रीला ते जी दुहेरी शिलाई घालतात, तीच इथे लागते. १६५ सेंटिमीटर लांबी, टोकांना दुहेरी कापड, आत ईव्हीए फोमचा पातळ थर, लांबीभर मोठ्या दातांची चेन आणि दोन्ही पट्टे बॅगेच्या तळाखालून फिरवून घेतलेले, एवढं सांगितलं की काम होतं. पट्टा फक्त वरच्या कापडाला शिवला तर ओझ्याने तो उसवतो. खालून फिरवलेला पट्टा सगळं वजन स्वतः पेलतो.

भरायचं कसं

बॅगेच्या जातीपेक्षा भरण्याची पद्धत जास्त सामान वाचवते. गेवराई तालुक्यातली ऊसतोड कुटुंबं ट्रॉलीत बिऱ्हाड रचताना हंडे, पेट्या, गोधड्या एकमेकांत अशा बसवतात की वाटेत काहीही हलत नाही. स्कीची बॅगही तशीच भरावी लागते.

दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावायचे आणि दोन ठिकाणी रबरी पट्ट्याने बांधायचे. मधल्या फटीत कापडाची घडी ठेवली तर कडा एकमेकींवर घासत नाहीत. टोकांना जाड मोजे चढवायचे. बायंडिंगचा उंचवटा जाकिटात गुंडाळायचा, कारण वरून दुसरी बॅग पडली तर पहिला मार त्यालाच बसतो. काठ्या बाजूला, टोकं चाकांच्या दिशेने. जड वस्तू चाकांच्या टोकाला, हलके कपडे दुसऱ्या टोकाला. मग बाहेरचे पट्टे इतके आवळायचे की बॅग उभी करून हलवली तरी आतून आवाज येऊ नये.

बॅटरी आणि इतर सामानाचीही मोजकी पण महत्त्वाची पथ्यं आहेत. गरम होणाऱ्या मोज्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातच न्याव्या लागतात. उलट स्कीच्या काठ्या हातात चालत नाहीत. हिमस्खलनापासून वाचवणाऱ्या फुग्याच्या सॅकमधलं वायूचं नळकांडं कंपनीची आधी परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नये. मेणाचा ज्वलनशील फवारा घरीच ठेवावा, मेणाची वडी चालते. जुन्या प्रवासाच्या चिकटचिठ्ठ्या काढून टाकाव्यात, कारण जुना बारकोड वाचला गेला तर बॅग भलत्याच गावाला जाऊ शकते. बॅगेच्या आत नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा. बाहेरची चिठ्ठी फाटली तर तोच कामी येतो.

नेमबाज, तिरंदाज आणि मिरजेचा तानपुरा

लांब आणि नाजूक सामान विमानाने न्यायचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. बीडच्याच सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात बेनोनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या. त्याच्यासारख्या खेळाडूची किट बॅग देशातला प्रत्येक विमानतळ ओळखतो. क्रिकेटच्या नियमात बॅटची कमाल लांबीच ९६.५ सेंटिमीटर असल्यामुळे ती बॅग मीटरभराच्या आसपासच राहते.

बर्लिनला २०२३ मध्ये जगज्जेते झालेले आदिती स्वामी आणि ओजस देवतळे साताऱ्यात शिकले. त्यांचं कंपाउंड धनुष्य प्रवासासाठी सुटं करत नाहीत, ते अखंडच कठीण पेटीत ठेवतात. रिकर्व्ह धनुष्याचे मात्र तीन भाग होतात आणि मधला भाग ६३ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून सरडे गावच्या प्रवीण जाधवसारख्या रिकर्व्ह तिरंदाजाला सामान आटोपशीर ठेवता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. रायफल न्यायची तर परवाने, कुलूपबंद पेटी, वेगळी नोंद आणि गोळ्या वेगळ्या असा सगळा सोपस्कार असतो आणि गोळ्यांवर पाच किलोंची मर्यादा.

मिरजेकडून मिळणारा धडा सगळ्यात उपयोगाचा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली वाद्यं जगभर जातात. तानपुरा दांडी आणि भोपळा यांच्या जोडापाशी कमकुवत असतो आणि भोपळा दाब सोसत नाही, म्हणून विमानासाठी फायबरची कठीण पेटी लागतेच. गवसणी गाडीतल्या प्रवासापुरती. स्कीचं उलट आहे. लाकूड, फायबर आणि पोलाद यांच्या थरांची स्की डोंगरावर माणसाचं वजन आणि धक्के सोसते. तिला दाबाची भीती नाही. भीती आहे ती कडांना चरे पडण्याची, टोकं फुटण्याची आणि बायंडिंग वाकण्याची. तानपुऱ्याला कवच लागतं. स्कीला तीन जागी जाड अस्तर आणि घट्ट बांधणी पुरते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांकडून स्की घेऊन येणारेही आता आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या स्कीची बॅग आणि बुटांची पिशवी मिळून एकच नग धरतात, दोन्हींचं वजन २३ किलोंच्या आत असलं तर. पण त्या बॅगेत फक्त स्कीचं साहित्य असावं अशी अट अनेकदा असते. कपड्यांनी फटी भरलेली बॅग तिथे साधं सामान म्हणून मोजली जाऊ शकते. पुढचं विमान भारतीय कंपनीचं आणि वेगळ्या तिकिटावर असेल तर दिल्लीपासून पुन्हा पंधरा किलोंचा नियम लागू होतो. म्हणून शेवटच्या टप्प्याचं तिकीट आधी तपासून मगच बॅग भरावी. डेन्व्हर किंवा झुरिकला राहणारी कुटुंबं मुलांसाठी हंगामभराची स्की भाड्याने घेतात, कारण मुलांचा पाय दर वर्षी वाढतो. पुण्या-बीडहून त्यांच्याकडे जाणाऱ्या पाहुण्यांनाही तेच सोयीचं पडतं.

मोडलं तर, आणि परत आल्यावर

बॅग फाटली, स्की वाकली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या खिडकीवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिराने मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे दीड लाख रुपयांच्या पुढे. देशांतर्गत प्रवासात सरकारच्या प्रवासी सनदेतली मर्यादा २०,००० रुपयांची आहे. चांगल्या स्की आणि बायंडिंगची किंमत याहून जास्त असते, तेव्हा निघताना सामानाचे फोटो आणि खरेदीच्या पावत्या मोबाइलमध्ये असाव्यात आणि शक्य तर प्रवासविमा काढावा.

मराठवाड्यात स्कीला सगळ्यात मोठा धोका प्रवासानंतर असतो. बर्फातून आलेली स्की ओल्या बॅगेत तशीच ठेवली तर आठवड्यात कडांना गंज चढतो आणि अस्तराला बुरशी लागते. घरी आल्या दिवशी बॅग रिकामी करून उलटी वाळत घालावी, कडा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, तळाला मेणाचा थर द्यावा आणि तो पुढच्या हंगामापर्यंत राहू द्यावा. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमधली उष्णता स्कीचे चिकटवलेले थर सोडवू शकते. स्लॅबच्या घरात, खाटेखाली, पट्टे सैल करून ठेवलेली स्की वर्षानुवर्षं चांगली राहते.

तालुक्याच्या गावातल्या क्रीडा मंडळांनी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक मुलाने वेगळी बॅग घेण्यापेक्षा दोघांत मिळून एक दुहेरी, चाकांची बॅग मंडळाने घ्यावी. दोन जोड्यांचे १२ किलो, काठ्यांचा एक, बॅगेचे चार, असे १७ किलो होतात. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर असलं तर अनेक कंपन्या दोघांचे मिळून तीस किलो धरतात, आणि एका नगाच्या ३२ किलोंच्या मर्यादेलाही ही बॅग बरीच दूर राहते. उरलेल्या १३ किलोंत दोघांचे कपडे येतात. कंपनी एका प्रवाशाचा एकच नग घेत असली तरी दोघांचे दोन नग होतात, एक स्कीचा आणि एक कपड्यांचा. बूट दोघांनी आपापल्या हातात घ्यायचे. पुढच्या वर्षी हीच बॅग दुसऱ्या दोन मुलांबरोबर जाऊ शकते.